फोटोवर उठावाचं नाव: रंग न लावता वॉटरमार्क कसा उमटवायचा

पेणला माझ्या आत्याकडे गणपतीचा कारखाना आहे. गेल्या मोसमात आतेभावाने शाडूच्या मूर्तींचे माझ्याकडून फोटो काढून घेतले, कोपऱ्यात वॉटरमार्क, म्हणजे मालकी सांगणारं कारखान्याचं नाव, टाकलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडले. पंधरा दिवसांत तेच फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी यादीत दिसले. कोपरा कापला होता, खाली वेगळा नंबर होता. आतेभाऊ म्हणाला, आता नाव मोठं टाक, मधोमध, पांढरं. टाकलं. त्याने फोन हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, ‘दादा, नाव दिसतंय. मूर्ती कुठाय?’

तोडगा आत्याच्या ट्रंकेत निघाला. तिच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव शाईशिवाय नुसतं दाबून उमटवलंय. सरळ धरला तर दिसत नाही, उजेडाकडे तिरका केला की अक्षरं वर येतात. नोटरीच्या दाबाच्या शिक्क्यासारखं. फोटोतलं काही झाकलं जात नाही आणि नाव काढायचं म्हटलं तर पुठ्ठाच खरवडावा लागेल. हाच उठाव संगणकावर कसा करायचा ते पुढे लिहितो. मी गिंप हा फोटोवर काम करायचा प्रोग्रॅम वापरतो, कारण तो फुकट आहे आणि त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात. फोटोशॉपची रीत शेवटाकडे आहे.

आधी थोडं तत्त्व

दाबलेल्या अक्षराला स्वतःचा रंग नसतो. उजेडाकडची कड चमकते आणि पलीकडची कड सावलीत जाते, एवढ्यावर आपला डोळा अक्षर ओळखतो. म्हणजे आपल्याला फोटोवर अक्षरं ‘लिहायची’ नाहीत, फक्त कडांना उजेड आणि सावली द्यायची आहे.

यासाठी मध्यम राखाडी रंग कामाला येतो. संगणकात काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 255, त्यांच्या मधला 128 हा मध्यम राखाडी. वरचा थर खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते ब्लेंड मोड ठरवतो. ओव्हरले, सॉफ्ट लाइट आणि हार्ड लाइट या तीन मोडमध्ये हा राखाडी खालच्या फोटोला काहीच करत नाही. त्याहून फिकट असेल तिथे फोटो उजळतो, गडद असेल तिथे काळवंडतो. तेव्हा फोटोएवढा एक राखाडी कागद करायचा, त्यावर अक्षरांच्या फक्त कडा फिकट-गडद ठेवायच्या आणि तो कागद फोटोवर अंथरायचा. बाकी सगळं या एका कल्पनेचा विस्तार आहे.

आकार आधी, नाव नंतर

बहुतेकांची चूक इथेच होते, माझीही झाली होती. कॅमेऱ्यातल्या 6000 पिक्सेलच्या फोटोवर सुंदर नाजूक उठाव केला, मग फोटो लहान करून पाठवला. नाव गायब. दोन-तीन पिक्सेलची कड चौपट लहान झाल्यावर उरणार काय?

म्हणून मूळ फोटो बाजूला ठेवा आणि प्रत उघडा. इमेज मेनूतल्या स्केल इमेजमध्ये लांब बाजू जिथे पाठवायचा त्या मापाची करा. मी व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकसाठी 1600 पिक्सेल ठेवतो. पुढचे पिक्सेलमधले सगळे आकडे या मापाचे आहेत. फोटो दुप्पट मोठा असेल तर आकडेही दुप्पट करा.

टाइप निवडताना

इंग्रजी वॉटरमार्कचे धडे बघून काम करणाऱ्याला देवनागरीत दोन ठिकाणी ठेच लागते.

पहिली, बारीक रेघा. ज्या टाइपात (म्हणजे फॉन्टात) उभी रेघ जाड आणि आडवी बारीक असते, त्यात उठाव केल्यावर बारीक रेघेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडतात आणि रेघच विरघळते. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या हव्यात. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फुकट मिळणारा टाइप मी घेतो, त्याचं एक्स्ट्राबोल्ड वजन. त्यांचाच बलू हा गुबगुबीत टाइपही चांगला उठतो. विंडोजमध्ये टाइपाच्या फाइलवर उजवी टिचकी मारून इन्स्टॉल करा. गिंप आधीपासून उघडा असेल तर एकदा बंद करून पुन्हा उघडा.

दुसरी ठेच शिरोरेषेची. इंग्रजीत वॉटरमार्कची अक्षरं ऐसपैस पसरवायची पद्धत आहे. मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. अंतर शून्यच ठेवा. रुंद हवं असेल तर टाइपाचा आकार वाढवा.

आणखी एक. गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमच्या जुन्या फाइली असतात. त्यातला मजकूर थेट चिकटवला तर अगम्य चिन्हं उमटतात, कारण तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामायिक पद्धतीत, नाही. चार शब्दांसाठी कन्व्हर्टर शोधण्यापेक्षा नव्याने टाइप केलेलं बरं.

गिंपमध्ये, एकेक पायरी

लेयर मेनूतून नवा लेयर (फोटोवरचा थर, म्हणजेच आपला कागद) घ्या, फोटोएवढाच, आणि तो पूर्ण काळ्या रंगाने भरा. फोटो झाकला जाईल, घाबरू नका.

टेक्स्ट टूल घ्या, रंग पांढरा, आकार साधारण 110 पिक्सेल. नाव लिहा. तिरकं हवं असेल तर रोटेट टूलने आत्ताच फिरवा. नंतर सगळा राखाडी कागद फिरवायला गेलात तर त्याचे चारही कोपरे फोटोतून बाहेर जातात. तिरकं किती? 20 ते 25 अंश. त्याहून जास्त कलवलं की देवनागरी वाचायला मान वाकडी करावी लागते.

आता टेक्स्टच्या लेयरवर उजवी टिचकी मारून मर्ज डाउन करा. काळा कागद आणि पांढरी अक्षरं एकजीव होतात. यानंतर नावातलं शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा आधी दोनदा वाचा. आतेभावाच्या कारखान्याच्या नावात एक वेलांटी आहे. ती मी पहिल्यांदा दीर्घ काढली आणि बारा फोटो पुन्हा केले.

फिल्टर्स मेनूत ब्लर आणि त्यात गॉशियन ब्लर. दोन्ही दिशांना 2 पिक्सेल द्या. ही पायरी गाळली तर उठावाच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या येतात आणि जास्त दिली तर नाव साबणाच्या वडीवरचं वाटतं. अनुस्वारावर नजर ठेवा. अनुस्वाराचा ठिपका आणि मात्रा एकमेकांत मिसळू लागल्या की ब्लर जास्त झाला.

आता मुख्य काम: फिल्टर्स, डिस्टॉर्ट्स, एम्बॉस. खिडकीत एम्बॉस टाइप या जागी ‘एम्बॉस’च निवडा, बम्पमॅप नको. अ‍ॅझिमथ म्हणजे उजेड कोणत्या बाजूने, इलेव्हेशन म्हणजे उजेड किती उंचावरून आणि डेप्थ म्हणजे अक्षर किती वर आलंय. डेप्थ 10 ते 20 मध्ये ठेवा. ओके म्हटल्यावर काळं-पांढरं जाऊन सगळा कागद राखाडी होईल. अक्षरांच्या पोटात राखाडी, बाहेरही राखाडी, फक्त कडांना उजेड-सावली.

लेयरच्या यादीत वर मोड असतो, तो नॉर्मलवरून हार्ड लाइट करा. राखाडी नाहीसा होतो आणि फोटोत नाव उठून येतं. ओपॅसिटी, म्हणजे लेयरचा ठळकपणा, 100 वरून खाली आणत 40 ते 60 च्या दरम्यान थांबा. फाइल गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात जतन करा.

ज्यांच्याकडे मार्च 2025 मध्ये आलेली गिंपची 3.0 आवृत्ती आहे, त्यांना एक मोठी सोय आहे. तिथे फिल्टर लेयरवर जिवंत राहतो, एफएक्सच्या खुणेवर टिचकी मारून एम्बॉसचे आकडे नंतरही बदलता येतात. जुन्या 2.10 मध्ये चुकलं की कंट्रोल झेड हाच आधार.

फोटो फिका का पडला?

मोड बदलल्यावर नाव तर उमटतं, पण सगळ्या फोटोवर धुकं धरल्यासारखं होतं. ही तक्रार सर्रास असते आणि दोष इलेव्हेशनचा असतो.

एम्बॉसमध्ये सपाट भागाचा राखाडी उजेडाच्या उंचीवर ठरतो. उजेड जितका डोक्यावर, तितका सपाट भाग फिकट. गिंपमध्ये आधीपासून दिलेल्या 45 अंशांवर तो मध्यम राखाडीपेक्षा फिकटच येतो, म्हणजे फोटो उजळणारच. मोड आधी हार्ड लाइट करून मग एम्बॉस लावला तर बदल डोळ्यांदेखत दिसतो. इलेव्हेशन हळूहळू खाली आणत राहा. एका जागी फोटो पुन्हा मूळ रंगावर येतो, तिथे थांबा. फारच खाली गेलात तर फोटो काळवंडेल.

खात्री करायला लेयरच्या शेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू करा. अक्षरांपासून दूरचा एखादा भाग बघा, मूर्तीचा मुकुट किंवा मागची भिंत. तिथे काहीही हललं नाही तर राखाडी बरोबर. मला हे समजायला दोन संध्याकाळी लागल्या. तोवर पीतांबराचा पिवळा पांढुरका का होतोय म्हणून मी कॅमेऱ्याला दोष देत होतो.

उजेड कुठून येतोय ते बघा

हा भाग लोक सोडून देतात, पण चांगला उठाव आणि चिकटवलेला उठाव यांतला फरक इथेच पडतो. फोटोतल्या वस्तूच्या सावल्या बघा. कारखान्यात डावीकडे मोठी खिडकी आहे. सोंडेचा डावा भाग उजळ, उजव्या बाजूला मऊ सावली. मग नावाच्याही डाव्या कडा उजळ हव्यात. नावावरचा उजेड उजवीकडून आला तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण नाव वरून डकवल्यासारखं वाटत राहतं.

अ‍ॅझिमथचे आकडे पाठ करू नका. गिंपमधली त्यांची दिशा नकाशासारखी नाही, डोकं फिरतं. सरकपट्टी ओढत राहा आणि शिरोरेषा बघा. देवनागरीचा इथे फायदाच होतो, कारण शिरोरेषा ही लांब आडवी कड असते आणि उजेड वरून आहे की खालून हे ती लगेच सांगते. शिरोरेषेची वरची कड उजळ आणि खालची सावलीत असेल तर नाव वर आल्यासारखं दिसतं. उलट असेल तर तेच नाव खोदल्यासारखं वाटतं, कारण उजेड वरूनच येतो असं आपला मेंदू धरून चालतो. खोदलेलं नाव वाईट नसतं. दगडी शिल्पाच्या किंवा किल्ल्याच्या भिंतीच्या फोटोवर ते शिलालेखासारखं शोभतं. मातीच्या मूर्तीवर मात्र खोदकाम नको, बघणाऱ्याला मूर्तीला चीर पडल्यासारखं वाटतं.

फ्लॅश मारून समोरून काढलेल्या फोटोत अशी दिशाच नसते. तिथे वरून आणि किंचित डावीकडून उजेड द्या, डोळ्याला ते खपतं.

ओव्हरले की हार्ड लाइट?

पुष्कळ ठिकाणी ओव्हरले सांगतात. फोटोत मधले रंग जास्त असतील तर ओव्हरले खरंच छान मिसळतो. पण पूर्ण पांढऱ्यावर आणि पूर्ण काळ्यावर तो काहीच उमटवत नाही, पांढरा पांढराच राहतो. आमच्या निम्म्या मूर्ती रंगकामाआधीच्या, पांढरा प्रायमर मारलेल्या. त्यांच्यावर ओव्हरलेने नावाचे तुकडे झाले. हार्ड लाइटमध्ये पांढऱ्यावर निदान सावलीची कड आणि काळ्यावर उजेडाची कड तरी राहते. म्हणून मी डोळे झाकून हार्ड लाइट घेतो आणि ओपॅसिटी कमी ठेवतो. सॉफ्ट लाइट फारच लाजाळू आहे, मोठ्या छापील फोटोसाठी ठीक.

नाव कुठे बसवायचं

कोपऱ्यात नको, कारण कोपरा कापला जातो. चेहऱ्यावर नको. गणपतीच्या डोळ्यांची आखणी हीच कारागिराची खरी सही, गिऱ्हाईक आधी तीच मोठी करून बघतं. मी नाव मांडीच्या घडीवरून पाटापर्यंत उतरतं ठेवतो: अर्धं पीतांबरावर, अर्धं मागच्या पडद्यावर. नुसत्या पडद्यावर ठेवलं तर हल्ली फोनमधल्या खोडरबराने दोन सेकंदांत जातं, सपाट जागा भरणं यंत्राला सोपं असतं. कापडाच्या चुण्या, दागिन्यांचे मणी, मातीचा पोत यांवरून नाव गेलं की पुसणाऱ्याला ते सगळं नव्याने रचावं लागतं आणि तिथे तो बहुधा फसतो. कायमचं कुलूप हे नाही. चोराचा वेळ खाणं एवढंच आपल्या हातात आहे.

फोटोशॉप असेल तर

काम पाच मिनिटांचं. आवृत्ती जुनी असेल तर आधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलंय का बघा. नसेल तर वेलांटी आणि रफार भलतीकडे जातात. मग टेक्स्ट लिहा, लेयर स्टाइलमधलं बेव्हल अँड एम्बॉस लावा, स्टाइल एम्बॉस ठेवा आणि साइझ 4-5 पिक्सेल. अँगलच्या गोलात ठिपका ओढून उजेडाची दिशा द्या. यूज ग्लोबल लाइटची खूण काढा, नाहीतर एका लेयरचा उजेड बदलला की सगळ्यांचा बदलतो.

शेवटी लेयरच्या यादीत ‘फिल’ 0 करा. ओपॅसिटी नव्हे, फिल. ओपॅसिटी शून्य केली तर सगळंच जातं. फिल शून्य केलं तर अक्षराचा रंग जातो आणि कडांचा उजेड-सावली तशीच राहते. राखाडी कागदाची सगळी यातायात इथे या एका सरकपट्टीत आहे आणि शब्दही नंतर बदलता येतात.

चाळीस फोटोंसाठी

गिंपमधल्या राखाडी कागदाचा खरा फायदा आता. तो कुठल्याही फोटोवर चालतो, कारण त्यात फोटोचं काहीच नसतं. एक आडवा आणि एक उभा असे दोन कागद पीएनजी करून ठेवा. पुढचा फोटो त्या मापाचा करा, फाइल मेनूतल्या ओपन अ‍ॅज लेयर्सने कागद वर आणा, मोड आणि ओपॅसिटी द्या, झालं. उजेड उजवीकडून असलेल्या फोटोंसाठी आणखी दोन कागद करा. कागद आडवा उलटवायला जाऊ नका, नावही उलटं होईल.

पण तोच ठसा शेकडो फोटोंवर जसाच्या तसा मारण्यात एक धोका आहे. 2017 मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकच वॉटरमार्क खूप फोटोंवर असेल तर ते सगळे फोटो एकत्र तपासून संगणक ठसा वेगळा काढतो आणि तो आपोआप पुसूही शकतो. नुसती जागा बदलून भागत नाही. ठशाचा आकारच दरवेळी किंचित वाकवला तर पुसल्यावर खुणा उरतात, हा उपायही त्यांनीच सांगितला. गिंपमध्ये डब्ल्यू दाबून वॉर्प टूल घ्या आणि कागदावरच्या नावाला एक-दोन हलके धक्के द्या. डोळ्याला कळणार नाही इतपतच. चाळीस फोटोंना मी हे करतो. चारशे असते तर केलं असतं का, शंका आहे.

पाठवण्याआधी

एक्सपोर्ट अ‍ॅजने जेपीजी करा, क्वालिटी 85 ते 90. मग तो फोटो आधी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फोनवर बघा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पुन्हा दाबतं आणि त्यात सगळ्यात आधी मरतात त्या नाजूक कडा. नाव विरलं असेल तर ओपॅसिटी दहाने वाढवा. संगणकाच्या पडद्यावर किंचित जास्त वाटणारा उठाव फोनवर बरोबर बसतो.

इमेज मेनूतल्या मेटाडेटामध्येही (फाइलीच्या आत साठवलेल्या, फोटोत न दिसणाऱ्या माहितीत) नाव आणि हक्काची ओळ भरून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ती काढून टाकतं, पण संकेतस्थळावर किंवा ईमेलने गेलेल्या फाइलीत ती बहुधा राहते. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 65बी आलंय, त्याप्रमाणे अशी हक्काची माहिती जाणूनबुजून काढणं हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरू शकतो. आणि न कापलेला, मोठ्या मापाचा मूळ फोटो कुणालाही देऊ नका. वाद झालाच तर तो तुमच्याकडे आहे आणि समोरच्याकडे नाही, हाच मोठा पुरावा.

नाव कुणाचं टाकायचं, हा प्रश्न लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी जरूर विचारात घ्यावा. 1957 च्या याच कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, छायाचित्रकार नव्हे. आमच्याकडे पैशांचा व्यवहारच नाही, त्यामुळे मूर्तीचा हक्क आतेभावाचा आणि तिच्या फोटोचा माझा, असा तिढा होता. पाठकोऱ्या बिलावर दोन ओळी लिहून दोघांनी सह्या केल्या आणि फोटो कारखान्याच्या नावावर केले. मोबदल्याच्या जागी आत्याने ‘दरवर्षी एकवीस मोदक’ लिहायला लावलं.